दुसरी चप्पल कुठंय?

आमच्या घरात २६ जुलैची गोष्ट दोन माणसं सांगतात, मामा आणि मामी. २००५ साली मुंबईत पूर आला त्या दिवशी दोघं बरोबरच होते. दोघांची ऑफिसं कुर्ल्याला. तिथून एकत्र निघाले, एकाच गढूळ पाण्यातून चालले आणि रात्री दोनच्या सुमाराला मुलुंडच्या घरी एकाच दारातून आत आले. अनुभव म्हणाल तर अगदी तोच. पण मामा सांगायला लागला की पोरं हळूच मोबाइल बाहेर काढतात, आणि मामी सांगायला लागली की स्वयंपाकघरातल्या बायका ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहतात.

मामाची सुरुवात ठरलेली. 'मंगळवार होता. सव्वादोनला पाऊस वाढला, पावणेतीनला गाड्या बंद, साडेतीनला आम्ही निघालो.' मग विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप. एकही स्टेशन सुटत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा तो न चुकता सांगतो, आणि आकडा खराही आहे.

मामी म्हणते, 'कुर्ल्याहून निघाले तेव्हा माझ्या दोन्ही चपला पायात होत्या.'

पुढचं सगळ्यांना पाठ आहे, तरी सगळे ऐकतात. चप्पल नवी, १८० रुपयांची. घाटकोपरच्या अलीकडे कमरेएवढ्या पाण्यात डाव्या पायातली गेली. रस्त्यावर अनोळखी पोरांनी दोर धरला होता. त्यातला एक ओरडत होता, 'मावशी, दोन्ही हातांनी धरा!' पण मामीच्या एका हातात उरलेली चप्पल, आणि ती काही सोडवेना. शेवटी त्या पोराने चप्पल तिच्या हातातून काढून घेतली, स्वतःच्या शर्टात खुपसली, तिला पलीकडे नेलं आणि चप्पल परत दिली. ती एक चप्पल हातात घेऊन मामी अनवाणी मुलुंडपर्यंत आली. सासूबाईंनी मेणबत्ती वर धरून दार उघडलं, सुनेला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, 'दुसरी कुठंय?'

इथे मामी थांबते. हसू ओसरलं की एकच वाक्य बोलते, 'मग त्यांनीच पाणी गरम करून माझे पाय धुतले.'

तोच पूर, तोच रस्ता, मग फरक कशाचा? 'तिला सांगायची हातोटी आहे' असं म्हणून आपण मोकळे होतो. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक निराळाच कार्यक्रम अनेक देशांत रुजला आहे. साध्या माणसाने अनोळखी लोकांपुढे उभं राहून स्वतःच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट पाच-दहा मिनिटांत सांगायची. या कार्यक्रमाचे नियम एकेक करून सोडवून पाहिले की मामीच्या हातोटीचे बरेचसे धागे हाती लागतात.

जाळीतलं भोक

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सेंट सायमन्स नावाचं बेट आहे. कादंबरीकार जॉर्ज डॉझ ग्रीन तरुणपणी तिथल्या एका व्हरांड्यात मित्रांबरोबर रात्र रात्र गोष्टी सांगत बसायचा. व्हरांड्याच्या जाळीला एक भोक होतं. त्यातून पतंग आत शिरायचे आणि दिव्याभोवती घिरट्या घालायचे. पुढे न्यूयॉर्कला राहायला गेल्यावर ग्रीनला त्या रात्रींची उणीव भासू लागली. १९९७ साली त्याने स्वतःच्या दिवाणखान्यात माणसं जमवली आणि या बैठकीला नाव दिलं 'द मॉथ', म्हणजे दिव्यावर येणारा पतंग.

दिवाणखाना लवकरच अपुरा पडला. बैठकी कॅफेत, बारमध्ये, नाट्यगृहात गेल्या; २००९पासून रेडिओवरही आल्या. निवडक माणसांकडून तयारी करून घेऊन भरवलेले मोठे कार्यक्रम वेगळे, आणि कुणालाही खुला असलेला 'स्टोरीस्लॅम' वेगळा. 'स्लॅम' हा शब्द शिकागोचा. बांधकामावर काम केलेल्या मार्क स्मिथ नावाच्या कवीने १९८०च्या दशकात कवितावाचनाचा कंटाळवाणेपणा घालवण्यासाठी स्पर्धा सुरू केल्या होत्या. त्यात गुण द्यायचे ते समोर बसलेल्या प्रेक्षकांनीच.

सगळीकडे स्पर्धाच असते असं नाही. बेलफास्टमध्ये २०११ साली 'टेनएक्सनाइन' सुरू झालं: नऊ माणसं, प्रत्येकी दहा मिनिटं, गुणबिण काही नाही. ज्या शहरात काही दशकं माणसं एकमेकांशी बोलताना आधी समोरच्याचा धर्मपंथ चाचपत होती, तिथे अशा संध्याकाळींचं मोल वेगळं सांगायला नको. तरी यंत्र समजून घ्यायला मला स्लॅम जास्त सोयीचा वाटतो, कारण त्याचे सगळे स्क्रू बाहेरून दिसतात.

भिशीची चिठ्ठी

स्टोरीस्लॅमचा विषय आधी जाहीर होतो. समजा, 'उशीर' किंवा 'कुलूप'. ज्यांना सांगायचं आहे ते आल्या आल्या आपलं नाव चिठ्ठीवर लिहून टोपीत टाकतात. एका रात्रीत दहा नावं निघतात. नाव आलं की उठायचं आणि माइकपुढे जायचं, हातात कागद न घेता. वेळ पाच मिनिटं, वर एका मिनिटाची सवलत. श्रोत्यांतूनच निवडलेले परीक्षकांचे तीन गट दहापैकी गुण देतात. गुण ठरेपर्यंत सूत्रसंचालक प्रेक्षकांनी त्याच विषयावर लिहून दिलेल्या एक-दोन ओळींच्या चिठ्ठ्या वाचून दाखवतो, म्हणजे जे बोलणार नाहीत तेही थोडेसे बोलून जातात.

चिठ्ठीची गंमत ज्याने कधी भिशी लावली आहे त्याला वेगळी सांगायला नको. डब्यात हात गेला की सगळ्या गप्पा थांबतात. इथेही तसंच होतं. शिवाय सांगणारा पडद्यामागून येत नाही, तुमच्या शेजारच्या खुर्चीवरून उठतो. दोन मिनिटांपूर्वी त्याने तुमच्याकडे पाण्याची बाटली मागितलेली असते. असा माणूस माइकपुढे उभा राहिला की त्याची फजिती होऊ नये असं आपल्याला मनापासून वाटतं, आणि फजिती होऊ शकते हेही दिसत असतं. त्या हॉलमधल्या शांततेचा बराचसा भाग या धाकधुकीतून येतो. नावाजलेल्या वक्त्याच्या भाषणात ती नसते. तिथे तो पडणार नाही याची आपल्याला खात्री असते.

पाच मिनिटांचा डबा

या नियमाची किंमत मला आमच्या सोसायटीत कळली. गणपतीत एका संध्याकाळी आम्ही 'आयुष्यातला एक प्रसंग' असा कार्यक्रम ठेवला. नावं लिहून घेतली, वेळ मात्र ठरवली नाही. म्हटलं, घरचीच माणसं आहेत. दुसऱ्याच क्रमांकावर एक काका उभे राहिले आणि त्यांच्या अँजिओप्लास्टीची हकिगत बावीस मिनिटं चालली. लिफ्ट बंद होती इथपासून विम्याच्या माणसाने कोणता कागद परत पाठवला इथपर्यंत. काका तळमळीने सांगत होते. लोकही आदराने बसून होते. आरतीची वेळ झाल्यावर त्यांना थांबवावं लागलं आणि उरलेल्या चौघांची नावं तशीच राहिली. पुढच्या वर्षी आम्ही स्टीलचं ताट आणि डाव घेऊन पहिल्या रांगेत एका आजींना बसवलं. पाच मिनिटं झाली की ताटावर एक ठोका, सहा झाली की दोन. त्याच काकांनी त्या वर्षी फक्त ऑपरेशनला नेताना अंगठी बोटातून निघेना तेवढंच सांगितलं, आणि सगळा हॉल त्यांच्या बोटाकडे बघत बसला.

संथपणे बोललं तर पाच मिनिटांत सहा-सातशे शब्द बसतात. म्हणजे डब्यासारखं आहे. घरात आमटी, भाजी, कोशिंबीर, पापड सगळं असतं, पण डब्याला कप्पे तीनच. काय न्यायचं हे ठरवावं लागतं, आणि या ठरवण्यातच गोष्ट तयार होते. सांगणाऱ्याला स्वतःला विचारावं लागतं की यातलं काय काढलं तर उरलेलं कोसळेल? स्टेशनांची यादी काढली तर मामाच्या हकिगतीचं काहीच बिघडत नाही. मामीच्या गोष्टीतून तो शर्ट काढून बघा.

कागद का नको?

शाळेतली वक्तृत्व स्पर्धा आठवा. तिसऱ्या परिच्छेदात पोरगं अडतं, वर पंख्याकडे बघतं आणि पुन्हा 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' पासून सुरू करतं. पाठ केलेल्या मजकुराचा हा धोका: तो साखळीसारखा असतो, एक कडी निसटली की पुढचं सगळं हातातून जातं. वाचून दाखवलं तर वेगळीच अडचण. डोळे कागदावर, वाक्यं लांब, आवाज सरळ रेषेत.

म्हणून या वर्तुळात मुरलेली माणसं सांगतात की पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा, मधल्या फक्त पायऱ्या लक्षात ठेवा. रात्री दिवे गेल्यावर आपण आपल्या इमारतीचा जिना कसे चढतो? पायऱ्या मोजून पाठ केलेल्या नसतात. वळण कुठे आहे ते पायांना माहीत असतं. सांगणारा असा चाचपत वर जाऊ लागला की ऐकणाराही त्याच्या मागून चाचपत येतो. मधेच शब्द सापडत नाही, सांगणारा थांबतो, आणि समोरची चाळीस माणसं मनातल्या मनात तो शब्द शोधू लागतात.

गुण देण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. कुणी वडिलांच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगावं आणि पाठोपाठ ८.४ असा आकडा वर व्हावा, हे कानाला खटकतंच. पण एक कबूल करायला हवं: गुण द्यायचे म्हटल्यावर परीक्षक कान देऊन ऐकतात, आणि गुण कमी पडले की प्रेक्षक सांगणाऱ्याच्या बाजूने हुर्यो करतात. स्लॅमची ती जुनी रीतच आहे.

'बरं, मग?'

आता गोष्टीच्या आत जाऊ. १९६०च्या दशकात विल्यम लबॉव्ह हा भाषाशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधल्या लोकांची रोजची बोली टेप करत होता. अडचण अशी की टेपरेकॉर्डर दिसला की माणसं इस्त्री केल्यासारखं बोलू लागायची. त्याने एक प्रश्न शोधून काढला: 'आता आपण मरणार असं वाटलं, असा प्रसंग तुमच्यावर कधी आलाय का?' उत्तर देता देता माणूस टेपरेकॉर्डर विसरून जायचा आणि घरी बोलतो तसं बोलू लागायचा.

अशा कितीतरी हकिगती हाताशी आल्यावर लबॉव्ह आणि जोशुआ वॅलेत्स्की यांनी १९६७ साली त्यांचा सांगाडा मांडला. कोण, कुठे, कधी हे आधी येतं. मग काहीतरी बिघडतं. मग ते कसं निस्तरलं ते येतं. इथवर नवीन काही नाही. त्यांनी बोट ठेवलं ते आणखी एका गोष्टीवर, तिला त्यांनी 'मूल्यांकन' म्हटलं. म्हणजे हे मी तुम्हाला का सांगतोय, याच्या सांगणाऱ्याने वाटेत पेरलेल्या खुणा. त्या नसल्या की ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उरतो: 'बरं, मग?' सगळे कथेकरी ज्याला भितात तो हा प्रश्न.

मामाच्या सांगण्यात 'कुठे' आणि 'कधी' भरपूर आहे. बिघाडही आहे, अख्खी मुंबई बिघडली होती. पण त्यात त्याचं स्वतःचं काय पणाला लागलं होतं ते कळत नाही. ९४४ मिलिमीटर काही एकट्या मामावर पडले नव्हते.

मामीच्या पहिल्याच वाक्यात बिघाडाची चाहूल आहे. दोन्ही चपला पायात होत्या, असं कुणी उगाच सांगत नाही. ऐकणाऱ्याला तत्क्षणी कळतं की एक जाणार. कुठे आणि कशी, तेवढंच कळायचं राहतं, आणि ते कळेपर्यंत तो जागचा हलत नाही. शिवाय पणाला लागलेली वस्तू मुठीत मावणारी आहे. जीव जाण्याची भीती ऐकणाऱ्याला दुरून दिसते. १८० रुपयांच्या नव्या चपलेची हळहळ मात्र त्याच्या स्वतःच्या घरात कधीतरी होऊन गेलेली असते. त्या हळहळीच्या खिडकीतून त्याला मागचा पूर दिसतो.

आणि खुणा? 'सासूबाई तशा कडक होत्या, पण मनाने चांगल्या' असं मामी एकदाही म्हणत नाही. आधी प्रश्न, मग गरम पाणी. बेरीज आपण करायची.

किराणा दुकानातली वही

ऐकताना आपल्या डोक्यात काय चालतं, याचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांनी मॉथच्याच गोष्टी वापरल्या, ही मला भारी गंमत वाटते. प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन यांच्या प्रयोगशाळेत जिम ओ'ग्रेडी या पत्रकाराने मॉथमध्ये सांगितलेली 'पाय मॅन' ही सातेक मिनिटांची गोष्ट मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपलेल्या लोकांना ऐकवली गेली. काहींना आहे तशी. काहींना परिच्छेद उलटसुलट करून, काहींना वाक्यं विस्कटून, काहींना तर सुटे शब्द कालवून. २०११ साली हे काम प्रसिद्ध झालं.

निष्कर्ष समजायला किराणा दुकान डोळ्यांपुढे आणा. काउंटरवरचा पोऱ्या वस्तू मोजून देतो. त्याच्या शेजारचा त्या वस्तूंचं बिल करतो. आत गादीवर शेठ बसलेत, त्यांच्याकडे महिन्याच्या उधारीची वही. गिऱ्हाइकाने साखर, खिळे, साबण कुठल्याही क्रमाने मागितलं तरी पोऱ्याला फरक पडत नाही. पण आजच्या बिलात उद्याची निम्मी यादी मिसळली तर बिलवाला गोंधळतो. आणि पानंच फाडून विस्कटली तर शेठच्या हाताला काहीच लागत नाही. मेंदूतही असंच दिसलं. आवाज टिपणारे भाग सुट्या शब्दांच्या काल्यालाही सगळ्या श्रोत्यांत सारखेच प्रतिसाद देत होते. वाक्यं जुळवणाऱ्या भागांना वाक्य शाबूत लागत होतं. आणि सगळ्यात वरच्या, शेठसारख्या भागांचा चढउतार श्रोत्याश्रोत्यांत जुळायला सलग परिच्छेद किंवा पूर्ण गोष्टच लागत होती. मामाची स्टेशनं पोऱ्यापर्यंत पोचतात, पण शेठसाठी त्यांत काही नसतं.

त्याच प्रयोगशाळेचा २०१०चा आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. एका विद्यार्थिनीने आपल्या शाळेच्या निरोपाच्या नाचाची, म्हणजे त्या दिवशी झालेल्या फजितीची, खरी हकिगत यंत्रात पडल्या पडल्या सांगितली. नंतर तिचं ध्वनिमुद्रण इतरांना ऐकवलं. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतली हालचाल काही भागांत सांगणारीच्या मागून, थोड्या सेकंदांच्या अंतराने, तिच्यासारखीच होत होती. काही भागांत ती चक्क तिच्या पुढे धावत होती, म्हणजे ऐकणारे पुढचं ताडत होते. असं ताडणं जितकं जास्त, तितकी गोष्ट चांगली समजलेली. रशियन न समजणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली तेव्हा हा मेळ दिसेना. यावरून 'दोन मनं एक होतात' वगैरे मथळे बरेच झाले. तेवढं काही सिद्ध झालेलं नाही. झालं आहे ते एवढंच की नीट ऐकणारा माणूस स्वस्थ बसलेला नसतो. तो सांगणाऱ्याची वाट स्वतः तुडवत असतो, कधी मागून, कधी दोन पावलं पुढे.

मग एवढं घरी कानात इअरफोन घालूनही होईल की! होतंही. २०२१च्या एका अभ्यासात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतले उतारे माणसांना एकेकट्याने ऐकवले, तरी त्यांच्या हृदयाचे ठोके त्याच त्याच जागी वाढत-कमी होत होते. लक्ष दुसरीकडे वळवलं की हा मेळ घटायचा. हॉलमध्ये यात भर पडते ती हसण्याची. हसण्याचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांना दिसलं होतं की एकटं असताना आपण जितके हसतो त्याच्या साधारण तीसपट चारचौघांत हसतो. आणि हसून झाल्यावर जी शांतता येते तीही सगळ्यांची मिळून असते. मामी नेमकी तिथेच थांबते.

शेकोटीभोवती

कालाहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांच्या दिवसाच्या आणि रात्रीच्या बोलण्याची पॉली विस्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तुलना केली. २०१४ साली ती प्रसिद्ध झाली, नोंदी मात्र बऱ्याचशा १९७४च्या. दिवसा गोष्टींचा वाटा ६ टक्के. बाकी कामाचं बोलणं, तक्रारी, कुरबुरी, थट्टा. रात्री शेकोटीभोवती गोष्टींचा वाटा ८१ टक्के. हुरडा खायला शेतावर गेलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. अंधार, ऊब, हाताला काम नाही आणि उठून जाण्याची सोय नाही.

मराठीत सांगण्याची परंपरा दांडगी आहे. कीर्तनकार आख्यान लावतात. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनासाठी गावं पालथी घातली. वपुंच्या कॅसेट घरोघरी वाजल्या. पण ती लिहिलेली कथा होती आणि सांगणारा नाव असलेला लेखक होता. इथला सांगणारा उद्या सकाळी पुन्हा बँकेच्या काउंटरवर बसणार असतो. याचं जवळचं नातं लावायचंच तर ते व्यसनमुक्तीच्या सभांशी लागेल. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकींत १९३५पासून माणसं उभी राहून स्वतःची हकिगत सांगत आली आहेत, महाराष्ट्रात मराठीतून सांगतात. आणि तिथे टाळ्यांसाठी कुणी बोलत नाही.

चौकट : वीस-पंचवीस माणसांत अशी संध्याकाळ भरवायची असेल तर

विषय एका शब्दाचा ठेवा आणि आठ दिवस आधी सांगा. चिठ्ठ्या डब्यात टाका, क्रम आधी लावू नका. पाच मिनिटांचा ठोका सगळ्यांना सारखा, सोसायटीच्या अध्यक्षांनाही. स्वतःच्या बाबतीत घडलेलंच सांगायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं, शेजाऱ्याचं आणि उपदेश बाहेर. दुखऱ्या प्रसंगाबद्दल सांगायचं तर व्रणाबद्दल सांगा, ओल्या जखमेबद्दल नको, नाहीतर श्रोते ऐकायचं सोडून सांगणाऱ्याला सावरू लागतात. खुर्च्या जवळजवळ मांडा. पन्नास माणसांच्या हॉलमध्ये वीस माणसं विखरून बसली तर हसू पोचत नाही. मोबाइलवर कुणी चित्रण करणार नाही हे सुरुवातीलाच सांगा. जेवण नंतर.

दारात की दुसऱ्या दिवशी?

'खरी गोष्ट' हा या सगळ्याचा पाया. पण किती खरी?

आमच्याकडे यावर वाद आहे. मामाच्या म्हणण्याप्रमाणे आजी, म्हणजे मामीच्या सासूबाई, दारात काहीच बोलली नाही. ती रडत होती. 'दुसरी कुठंय' हे तिने दुसऱ्या दिवशी सकाळी, बाल्कनीत वाळत ठेवलेली एकटी चप्पल पाहून विचारलं. मामी म्हणते, छे, दारातच, मेणबत्ती होती ना हातात. आजीला विचारायची सोय आता राहिली नाही.

दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसण्याची शक्यता भरपूर आहे. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मानसशास्त्रज्ञ अल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणी सांगितली. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. पाव भाग विद्यार्थ्यांची उत्तरं पहिल्या कागदाशी कुठेच जुळेनात, आणि तरी चुकीचं सांगणाऱ्या कितीतरी जणांना पुरती खात्री होती. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी मूळची आठवण परत आली नाही.

सांगण्याने यात भर पडते. बार्बरा ट्वर्स्की आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००० साली दाखवलं की एखाद्या माणसाची तक्रार करण्यासाठी किंवा शिफारस करण्यासाठी हकिगत पुन्हा सांगायला लावली, तर नंतर आठवतानाही तीच बाजू जड होते. आठवण म्हणजे कपाटात घडी घालून ठेवलेलं लुगडं नव्हे. ती गोधडी आहे. दरवेळी अंथरायला काढली की कुठेतरी उसवलेलं दिसतं, आपण हाताशी असलेल्या तुकड्याचं ठिगळ लावतो आणि परत घडी करतो. दहा वर्षांनी मूळचा तुकडा कोणता हे शिवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

अशा संध्याकाळी कुणी पुरावे तपासत नाही. सांगणारा आणि ऐकणारे यांच्यातल्या न लिहिलेल्या कराराचा अर्थ एवढाच की जे तुला खरं म्हणून आठवतंय ते सांग, जाणूनबुजून रचू नकोस. मला स्वतःला हा करार पुरेसा वाटतो, पण एक गोष्ट खुपते. मामीच्या गोष्टीत आजीही आहे, आणि आजीला या कराराबद्दल कुणी विचारलेलं नाही. दारात मेणबत्ती घेऊन रडणारी आजी या गोष्टीतून कायमची गेली. पाच मिनिटांच्या डब्यात तिला कप्पा नव्हता.

गेल्या दिवाळीत फराळाला सगळे जमले होते. मामी चकल्या तळत होती म्हणून पोरांनी मामाला धरलं, चपलेची गोष्ट सांग. मामाने नेहमीप्रमाणे मंगळवारपासून सुरुवात केली, भांडुपपर्यंत आला, पोरांचे चेहरे पाहिले आणि एकदम पुढे उडी मारली. 'मग आईने दार उघडलं,' तो म्हणाला, 'हातात मेणबत्ती, आणि हिला विचारते कशी, दुसरी कुठंय?' पोरं हसली. स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात घेऊन मामी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, आणि पुढचा घाणा सोडायला आत गेली.